आहेरातली न वाचलेली पुस्तकं

मी दुसऱ्या बायकांना लग्नात आलेली पुस्तकं वाचते. कुणाला विचारून वाचत नाही, आणि आता कुणी नको म्हटलं तरी थांबणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला 'पण कशासाठी?' असं विचारायचं असेल तर त्याने तो प्रश्न आपल्यापाशीच ठेवावा. घरात तो मी पुष्कळ ऐकून घेतला आहे.

अमरावतीत माझं शिलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. दोन मशिनी, एक पिको-फॉलची, भिंतीला खुंट्या आणि खुंट्यांवर लोकांच्या पोरींचे ब्लाउज. पस्तीस वर्षं मी नवरीचे ब्लाउज शिवते आहे. अस्तर, लेस आणि हुक मात्र अकोल्याहून आणते. तिथल्या ठोक दुकानात रंग जास्त मिळतात आणि तिथला दुकानदार माझ्याशी भाव करून करून थकलेला आहे. महिन्यातून एकदा सकाळची बस धरायची, बडनेरा, मूर्तिजापूर करत पोचायचं, दुपारपर्यंत काम उरकायचं आणि परत फिरायचं, असा माझा नेम.

दोन हिवाळ्यांपूर्वी अशीच एकदा परतीची बस चुकली. पुढच्या गाडीला तासभर होता. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक रद्दीवाले चाचा फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडून बसतात, तिथे मी सावली बघून उभी राहिले. परीक्षांची गाइडं, फाटके दिवाळी अंक, आणि त्यात एक जाडजूड कादंबरी. मी पुस्तक आधी पाठीकडून बघते. शिवण कशी आहे, दोरा कुजलाय का, टाका सुटलाय का, ही सवय हातालाच लागलेली. या पुस्तकाची शिवण कोरी करकरीत होती. पन्नास वर्षांचं पुस्तक आणि शिवण कालची, म्हणजे हे कधी उघडलंच गेलं नसणार, असं मला वाटलं.

उघडून बघितलं तर तसंच होतं. पहिल्या सोळा पानांच्या पुढची पानं वरच्या कडेला जोडलेलीच होती. छापखान्यात कागदाची घडी कापायची राहून गेली की असं होतं. वाचायचं तर एकेक घडी सुरीने उघडत जावं लागतं. ती कुणीच उघडली नव्हती. आणि पहिल्या पानावर निळ्या शाईत, वळणदार अक्षरात: चि. सौ. कां., पुढे मुलीचं नाव, बापाचं नाव, आडनाव, 'हिला शुभविवाहप्रीत्यर्थ सप्रेम भेट', खाली 'तुझा काका'.

त्याच ढिगात अजून एक आहेराचं पुस्तक निघालं. ते स्वयंपाकाचं. त्यातही कुण्या मुलीचं नाव, तशीच शाई. पण या पुस्तकाचं पान न् पान हळदीचं झालेलं. अनारशाच्या पानावर तुपाचा डाग, लोणच्याच्या पानाचा कोपरा तेलाने पारदर्शक झालेला. म्हणजे बायकांनी पुस्तक वाचलेलं चालत होतं. कुठलं वाचायचं तेवढं ठरलेलं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो असं घरचे म्हणतात, आणि ते खरंच आहे. मी दोन्ही पुस्तकं पिशवीत टाकली.

आता नावाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे, निदान माझ्या वयाच्या बायकांपर्यंत तरी, लग्नात मुलीचं नाव बदलायचे. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवरदेवाने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. बापाचं नाव आणि आडनाव तर जातंच, बारशाला ठेवलेलं नावही जातं. मांडवात आलेल्या आहेरावर मात्र मुलीचं जुनं नाव असतं, कारण आणणाऱ्याने ते घरून लिहून आणलेलं असतं. म्हणजे पुस्तक सकाळी एकीला दिलं जायचं आणि संध्याकाळी त्या नावाची बाई जगात उरलेली नसायची. दुसऱ्याच नावाची बाई दुसऱ्याच गावी जायची. मग पुस्तक वाचणार कोण?

मी वाचणार, असं मी त्या बसमध्ये ठरवलं. मूर्तिजापूर यायच्या आत नियमही ठरले. पुस्तक आहेरातलंच हवं. नावानिशी मुलीला दिलेलं हवं, 'नवदांपत्यास' असलं मोघम नको. आणि न वाचलेलं हवं. एकदा हातात घेतलं की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं, कितीही रटाळ निघालं तरी. संपलं की शेवटच्या पानावर पेन्सिलीने 'वाचलं' एवढंच लिहायचं.

घरी आल्यावर मी शिलाई उसवायची छोटी कटर घेतली आणि पहिली घडी उघडली. खर्रकन आवाज झाला. आमचे हे पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. दिवसभर खुर्चीत बसून पेपर वाचतात, त्यातल्या छोट्या जाहिरातीसुद्धा सोडत नाहीत. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "काय करून राहिली हे?"

मी सांगितलं.

"लोकाच्या बायकाइची पुस्तकं वाचून तुले काय भेटते?"

"तुम्हाले रोजचा पेपर वाचून काय भेटते?"

"लष्करच्या भाकरी भाजायची हौसच हाय तुले," असं म्हणून त्यांनी पेपर वर केला. आमच्याकडे वाद असेच संपतात.

वाचायला वेळ मात्र काढावा लागला, तोही भांडूनच. दुपारी दोन ते चार मी दुकानाचं शटर अर्धं ओढायला लागले. गिऱ्हाइकं वाकून आत डोकावायची. "बरं नाही का?" "वाचते आहे." "हो, पण बरं नाही का?" असं दोन-तीन महिने चाललं. एका नवरीच्या आईने तर ऐन लग्नसराईत शटर वाजवून वाजवून मला बाहेर काढलं आणि विचारलं, कसलं असं महत्त्वाचं वाचताय? मी म्हटलं, तुमच्या मुलीचा ब्लाउज साडेचारला मिळेल, आणि तिला आहेरात कुणी पुस्तक दिलं तर ते तिच्याबरोबर पाठवा. त्या बाईने नंतर गल्लीत माझ्याबद्दल काय सांगितलं ते मला कळलंय. ब्लाउज मात्र बसला तिच्या मुलीला.

अकोल्याचे चाचा माझ्यासाठी पुस्तकं बाजूला ठेवायला लागले. पहिल्यांदा त्यांना माझा नियम समजावताना फार तारांबळ उडाली. "जिसमे लडकी का नाम हो, शादीवाली," इतकं बोलून माझं हिंदी संपलं. पण माणूस हुशार. पुढच्या महिन्यात मी रस्ता ओलांडतेय तोच त्यांनी हात वर केला आणि चारचौघांत ओरडले, "आओ बाई, नवऱ्या आल्या हायेत! तीन हायेत!" बाजूचा ज्यूसवाला माझ्याकडे बघतच राहिला.

वर्षभरात अशी बरीच वाचून झाली. काही इतकी कंटाळवाणी की दर दहा पानांना मी उठून चहा करायची. एकात नायिका पहिल्या पानावर आजारी पडते आणि शेवटपर्यंत बरीही होत नाही, मरतही नाही. तिला पानातून खोडून टाकावं असं वाटलं. पण एक निघालं, बोटीवर स्वयंपाकी असलेल्या माणसाच्या आठवणींचं. ते वाचताना मी दोनाचे साडेपाच केले. दुसऱ्या दिवशी मशीनवर बसल्या बसल्या मला रडू आलं. पुस्तक रडवणारं नव्हतंच, उलट हसवणारं होतं. ज्या मुलीच्या मामाने ते इतक्या हौसेने दिलं होतं तिने ते एकोणिसाव्या वर्षी वाचलं असतं तर, हे मनात आलं आणि मी काही वेळ मशीन चालवू शकले नाही.

दोष कुणाचा ते मी मनात पक्कं करून टाकलं होतं. सासूचा. सासरी ट्रंक उघडली गेली असेल, साड्या मोजून घेतल्या असतील आणि पुस्तक माळ्यावर गेलं असेल. 'इथं काय शाळा हाय काय?' हे वाक्य मला ऐकूसुद्धा यायचं. माझ्या सासूने ते मला म्हटलेलं होतं.

मागच्या जानेवारीत चाचांनी एक पुस्तक काढलं. तीनशेबारा पानांची कादंबरी, खाकी कव्हर घातलेली. पहिल्या पानावरचं अक्षर एका शिक्षिकेचं होतं. 'माझी हुशार विद्यार्थिनी', मग मुलीचं नाव, आणि खाली: 'सासरी गेलीस तरी वाचत राहा.' पानं सगळी जोडलेली. आणि पानांत घडी केलेली लग्नपत्रिका. आजवरच्या एकाही पुस्तकात पत्रिका मिळाली नव्हती. पत्रिकेवर नवरदेवाचं नाव होतं, आडनाव होतं आणि गाव: शेंदूरजनाघाट.

हे पुस्तक मी वाचलं नाही. मशीनवर ठेवलं आणि आठ दिवस त्याच्याकडे बघत शिवत राहिले. बाकीच्या बायका सापडण्यासारख्या नव्हत्या, त्यांची जुनी नावं घेऊन मी जाणार कुठे? पण ही सापडण्यासारखी होती. जिवंत असेल तर सत्तरीच्या पुढची असेल. आजवर मी सगळ्यांच्या वाटचं वाचत आले होते, आणि मनातल्या मनात मला माहीत होतं की कुणाच्या वाटचं वाचता येत नसतं. एक तरी पुस्तक जिचं तिच्या हातात गेलं पाहिजे, आणि जोडलेली पानं तिनेच उघडली पाहिजेत. ते झालं नाही तर माझा हा सगळा उद्योग म्हणजे रागाच्या भरात केलेला एक छंद, एवढंच त्याचं मोल.

"हात दाखवून अवलक्षण कशाले करतेस?" हे म्हणाले. "पन्नास वर्षांनी कोण्या म्हातारीच्या दारात जाऊन तिचं पयलं नाव घेशील, तिच्या घरच्याइनं हाकलून देलं तं?"

"तर येईन परत. बसचं तिकीट माझं आहे."

"अवं पण सासरी असं नाव घेत नाहीत कोनाचं."

"म्हणूनच घ्यायचं आहे," मी म्हटलं. ह्यांनी पेपर वर केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी माझ्या आधी उठून पाण्याची बाटली भरून ठेवली होती.

मोर्शी, वरूड करत मी शेंदूरजनाघाटला पोचले तेव्हा अकरा वाजले होते. मृगाच्या बहाराची तोड चालू होती. रस्त्याने जावं तिकडे संत्री, ट्रकमध्ये संत्री, ओट्यावर संत्री. चौकात पत्रिकेवरचं नवरदेवाचं नाव विचारलं तर तिसऱ्याच माणसाने घर दाखवलं. आजोबा गेले, म्हणाला, पण मुलगा आहे.

अंगणात संत्र्यांचा ढीग होता आणि पन्नाशीचा एक माणूस बारीक-मोठी फळं वेगळी करत होता. मी नमस्कार केला आणि त्याच्या आईचं माहेरचं नाव घेऊन विचारलं, त्या आहेत का?

तो उठून उभाच राहिला. "या नावाचं इथं कोनी नाही."

"तुमच्या आईचंच लग्नाआधीचं नाव आहे ना हे?"

"तुमी कोनाकडून आल्या बाई? मामानं पाठोलं काय?"

"नाही. मी अमरावतीहून आले. शिलाईचं काम करते."

"हे पाहा, मायीची सही झाली हाय पहिलेच. एकदा हक्कसोड केलं तिनं. आता तिले उन्हातान्हात तहसीलात नेऊ देनार नाही मी."

तेव्हा मला कळलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे बाईचं जुनं नाव पुन्हा कधी निघतं? बाप मेला की. सातबाऱ्यावर मुलींची नावं चढतात आणि मग भावांना आठवण होते की आपल्याला बहीण आहे. तिला बोलावतात, तहसीलात नेतात, बापाच्या जमिनीवरचा तिचा हक्क सोडल्याच्या कागदावर तिची सही घेतात. आणि घरी आणून गोड जेवायला घालतात, साडी नेसवतात. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. जुनं नाव घेऊन दारात कुणी आलं की ते सहीसाठीच आलेलं असणार, हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं.

मलाही माहीत असायला हवं होतं. मीही केली आहे ती सही. माझ्या भावाने बोट ठेवलं तिथे केली. चार पानांचा कागद होता. मी कापडाच्या गठ्ठ्यावरचं लेबल वाचल्याशिवाय कापड घेत नाही, पण तो कागद मी वाचला नाही. वाचायला मागणं म्हणजे भावावर विश्वास नाही असं झालं असतं. साडी जांभळी होती, अजून आहे. माझा राग सासवांवर कसा आणि का गेला होता ते त्या अंगणात मला समजलं. भावावर रागवायची माझी छाती नव्हती.

"मी कागद घेऊन आले नाही," मी म्हटलं. "पुस्तक घेऊन आले."

त्याचा विश्वास बसला नाही. "कोनतं बी असो. माय झोपली हाय."

मग मी जे केलं ते शहाण्यासारखं नव्हतं. मी त्या दारात उभी राहिले आणि मोठ्या आवाजात, शाळेत हजेरी घेतात तसं, ते नाव बापाच्या नावासकट घेतलं. शेजारच्या ओट्यावरच्या दोन बायका वळून बघायला लागल्या. तो माणूस "ओ बाई" म्हणत पुढे आला.

आतून आवाज आला, "हाव, आली."

आणि एक बारीकशी म्हातारी डोक्यावरचा पदर सावरत बाहेर आली. तिने मला बघितलं, माझ्या हातातलं पुस्तक बघितलं आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने हात पुढे केला. "कुठी करू सही?" तिने विचारलं.

मला संताप आला. "सही नाही करायची," मी म्हटलं. जरा ओरडूनच म्हटलं असेन. "सही नाही करायची आजी. वाचायचं आहे. तुमचंच आहे, आधी वाचा."

तिने मुलाकडे बघितलं. तो गोंधळला होता. पण त्याने आत जाऊन तिचा चष्मा आणून दिला, हे मी त्याच्याबद्दल सांगितलं पाहिजे.

ती ओट्यावर बसली. पहिलं पान उघडून बोट लावून वाचायला लागली. स्वतःच्या नावावर बोट आलं तिथे थांबली, मग पुढे गेली. शेवटच्या ओळीपाशी पोचल्यावर तिने वर बघितलं.

"बाईनं देलं?"

"हो. तुमच्या लग्नात."

"बाईनं काहीच देलं नाही मले," ती म्हणाली. "मी सातवीत पयली आल्ती. बाई म्हणे, तुया लग्नात जाड पुस्तक देईन. लग्नात आल्या, जेवल्या, गेल्या. मले काही देलं नाही. म्या आजलोक मनात धरलं बाईवर. त्या वारल्या तवा बी गेली नाही भेटाले."

पुस्तक सासरी आलंच नव्हतं. आहेर मांडवातून माहेरच्या घरात गेला, भांडी तिच्याबरोबर आली, पुस्तक राहून गेलं. तिचं माहेर अकोल्याजवळचं. भावांनी मागच्या वर्षी जुनं घर पाडलं, त्यात निघालेली रद्दी अकोल्यात गेली असणार. म्हणजे तिच्या सासूने त्या पुस्तकाला हातसुद्धा लावला नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला मी निघाले होते. मी ते तिथल्या तिथे कबूल केलं. म्हातारी म्हणाली, "माही सासू बेकार होती, पन असं नसतं केलं तिनं. तिले तर मी रोज पोथी वाचून दाखवो."

मी पिशवीतून कटर काढली आणि जोडलेली पानं कशी उघडायची ते दाखवलं. पहिली घडी तिला जमली नाही, कागद तिरका फाटला. दुसरी जमली. तिसऱ्या घडीला तिने मला हात लावू दिला नाही.

"लई जाड हाय पन," ती म्हणाली. "माही सातवी झाली नुसती."

"सातवीच्या बाईनेच दिलं आहे. त्यांना माहीत होतं तुमचं किती झालं ते."

चहा झाला. मुलाने मला पिशवीभर संत्री दिली आणि निघताना म्हणाला, "मले वाटलं मामाकडून." मी म्हटलं, मलाही तसंच वाटलं असतं. म्हातारीने माझा मोबाइल नंबर पुस्तकाच्या मागच्या पानावर स्वतः लिहून घेतला. आकडे ठसठशीत काढले, आणि खाली माझं नाव विचारून ते लिहिलं. मी सासरचं सांगितलं, आणि बस वरूडला येईपर्यंत त्याचं मला वाईट वाटत राहिलं.

घरी आले तेव्हा ह्यांनी दार उघडून माझ्या हातांकडे बघितलं. "देऊन आली?"

"देऊन आले."

"वाचनार काय पण ते?"

ते मला कुठे माहीत होतं? सत्तरीपुढची बाई, सातवी झालेली, घरात तोडीची गर्दी, डोळ्यांवर जुना चष्मा. मी संत्री सोलत बसले. मार्च गेला, एप्रिल गेला. लग्नसराईत मी रोज सोळा-सोळा ब्लाउज कापत होते. दोन ते चार वाचणं मात्र सोडलं नाही, आणि मनातून तिची वाट बघत होते. मी फोन करणार नव्हते. पुस्तक तिचं होतं. ठेवायचं, वाचायचं की चुलीत घालायचं, ते तिने ठरवायचं होतं.

जूनमध्ये एका दुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला आणि तिने आपलं नाव सांगितलं. पहिलं नाव, बापाच्या नावासकट.

"झालं वाचून," ती म्हणाली. "त्यातला हिरो काही कामाचा नाही. पोरीनं त्याच्यासाठी जीव टाकला, अन् हा बसला गच्चीवर इचार करत. पन बाईनं देलं म्हून पुरं केलं."

मी हसले. दुसरं पाठवू का, विचारलं.

"पाठव. गच्चीवाला नको पन." मग म्हणाली, "आयक. परवा माह्ये भाचे आलते. भावाचे पोरं. वावरातून मोठा रोड चालला म्हणते, अन् एका गटात माहं नाव राहून गेलं म्हणते. कागद घेऊन आलते सहीले. साडी बी आनली होती."

मी हातातली कात्री खाली ठेवली. "मग?"

"म्या म्हटलं, साडी वापस न्या, कागद ठेवून जा. वाचीन अन् मंग सांगीन. तं मोठा पोरगा हासला. म्हणे आत्या, तुले काय समजते त्यातलं. म्या म्हटलं, बापू, आताच तीनशेबारा पानं वाचून उठली मी. हे तं चारच हायेत."